दोनशे पावलांचा वाटा

हळद शिजायला लागली की माझं सांगलीत मन लागत नाही. अर्धा माघ सरतो, नदीकाठच्या मळ्यांतून मोठाल्या काहिली चुलाणांवर चढतात आणि तो ओला, मातकट, जरासा कडसर वास पार पेठेपर्यंत येतो. इथल्या बायकांना त्या वासानं पापड-कुरडयांची घाई सुटते. मला गवत आठवतं. "हळदीचा नि गवताचा काय संबंध?" असं आमचे हे होते तोवर दरवर्षी विचारायचे. हळदीच्या अडतीत उभा जन्म काढलेला माणूस तो. हळदीच्या वासानं कुणाला हळदीखेरीज दुसरं काही आठवावं हे त्यांना पटायचंच नाही. संबंध एवढाच, की इथं हळद शिजत असते तेव्हा तिकडं कोरेगावच्या डोंगरावर गवत वाळून कडकडीत झालेलं असतं आणि पट्टा काढायचे दिवस आलेले असतात.

पट्टा म्हणजे काय, हे सांगायला हवं. माझ्या माहेरच्या गावामागं एक डोंगर आहे, आणि त्याच्या कुशीत एक रान. आमच्याकडचे डोंगर तसे बोडकेच. पाऊस कमी, दगड फार. पण एवढ्या एका घळीत जांभळी, बेहडे, आंबे, अंजनी अशी झाडं दाटून उभी आहेत आणि त्यांच्या पायाशी एक झरा आहे. हे रान देवाचं नाही. ते माझ्या पणजोबांनी राखलं. सगळी भावकी त्यांना थोरले आबा म्हणे. त्यांच्या तरुणपणी कोळसेवाल्यांनी घळ तोडून नेली होती आणि झरा आटून बायका मैलभर लांबून पाणी आणत होत्या. आबांनी तिथं कुऱ्हाड बंद केली, गुरं बंद केली, आंबा खाल्ला की कोय खिशात घालून डोंगरावर नेऊन पुरली. वीस वर्षांनी रान उभं राहिलं आणि झरा परत आला. लोक म्हणाले, आबा, आता इथं एक देव बसवा, म्हणजे कुणी हात लावणार नाही. आबा म्हणाले, देवाच्या नावावर टाकलं की माणूस झोपा काढतो.

रानाला तीन बाजूंनी कडा आणि ओढा आहे. उघडी बाजू एकच, वरच्या माळाची. माघ-फाल्गुनात त्या माळावर वणवा येतो. कुठल्या गुराख्याची विडी असते, कुठं शिमग्याची ठिणगी असते, कुठं नुसता वाह्यातपणा असतो. म्हणून रानाच्या त्या कडेनं गवत कापून, खरवडून, वीस हात रुंद असा नुसत्या मातीचा पट्टा काढायचा. तिथं आलेली आग खायला काही न मिळून मरते. आबांना चार मुलगे. मरताना त्यांनी सांगितलं, रान वाटायचं नाही, राखण वाटायची. माझ्या लहानपणी त्या चार मुलग्यांची नऊ घरं झाली होती आणि पट्ट्याचे नऊ वाटे. प्रत्येकाला दोनशे पावलं.

माघ वद्य पंचमी ही आबांची तिथी. त्या दिवशी घरी नैवेद्य आणि डोंगरावर पट्टा. नोकरीचाकरीला गेलेले, पलटणीत गेलेले, दुसरीकडं शेती केलेले, सगळे त्या दिवशी यायचे. पुरुष कोयते-विळे परजून पहाटेच चढायचे, आम्ही पोरीबाळी मागून भाकऱ्यांच्या पाट्या घेऊन. वर तीन दगडांवर घेवड्याची आमटी रटरटत असायची. पावलं मोजायला तात्या, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तात्या उंच आणि त्यांचं पाऊल लांब, त्यामुळं सगळ्यांच्याच वाट्याला गवत जास्त यायचं आणि सगळेच दुपारपर्यंत तात्यांच्या नावानं खडे फोडायचे. "तात्या, पुढच्या वर्साला तुमच्या पायाला दावं बांधून मोजायला लावतो," असं कुणीतरी म्हणायचं. नऊ घरांचे विळे एका ओळीत चालायला लागले की त्याचा एक खरखर आवाज व्हायचा, तो मला अजून ऐकू येतो. गवताची कुसळं लुगड्याला अशी टोचून बसायची की पुढं महिनाभर निघायची नाहीत.

वडील गेले तेव्हा माझा भाऊ सर्जेराव दहा वर्षांचा होता आणि मी बाराची. त्या माघात आमच्या वाट्याचा विळा त्याच्या हातात आला. मी भाकऱ्यांच्या पाटीशीच. मला फार राग आला होता. मी त्याच्यापेक्षा सरळ कापायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी सर्जाचे हात फोडांनी भरले, तेव्हा तो पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्याकडं आला आणि म्हणाला, "आक्का, त्या दगडामागलं जरा तू काप की. कुनाला दिसत न्हाई. पर सांगू नगंस हां." मी कापलं. संध्याकाळी तात्यांनी त्याची पाठ थोपटली, तर गडी खुशाल थोपटून घेत होता. असा माझा भाऊ.

हल्ली भावकी पुन्हा जमते म्हणे. पुण्या-मुंबईहून मोटारी येतात. झाडाखाली सतरंजी पडते, आबांच्या फोटोला हार घालतात. आबांचा फोटो कधी निघालाच नव्हता. कुणीतरी चितारी गाठून काढवून घेतलेलं चित्र आहे ते. त्यात आबा एखाद्या सरदारासारखे दिसतात, खांद्यावर घोंगडं घेऊन डोंगर चढणारे दिसत नाहीत. भाषणं होतात, पर्यावरण हा शब्द पुष्कळ वेळा येतो. पट्टा मजुरांकडून आधीच काढून घेतलेला असतो. मला छापील निमंत्रण येतं. गुडघे दुखतात असं मी कळवते. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण ते नसते दुखले तरी मी गेले नसते.

पट्ट्याची एक रीत होती, ती आता कुणाला माहीत नसेल. ज्याचा वाटा त्यानं काढायचा. वाट्याच्या धन्यानं पहिली मूठ कापल्याशिवाय दुसऱ्याचा विळा त्यात शिरायचा नाही. धनी आजारी असला, परगावी असला, तर त्याचा सांगावा यायला हवा. मग भावकीतला कुणीही त्याच्या नावानं मूठ कापायचा. पण धनीही नाही आणि सांगावाही नाही अशा वाट्याला भावकीनं हात घातला, तर त्याचा अर्थ एकच. ते घर संपलं. वाटा शेजारच्या घरांत जायचा, कायमचा. घरच्या विधवेनं मूठ कापली तरी तेच. मागं पुरुष उरला नाही हे आपल्याच हातानं जगाला सांगणं. आळशी माणसाला लाज वाटावी म्हणून आबांनी ही रीत घातली असणार. त्यांच्या काळी आमच्याकडचं कुणी समुद्रापार लढाईला गेलं नव्हतं, तेव्हा पुढचं त्यांना तरी काय ठाऊक.

सर्जा अठराव्या वर्षी पलटणीत भरती झाला. पहिल्या माघात रजा काढून आला. पुढच्या दोन वर्षी त्याचं पत्र आलं, "माझ्या वाट्याची मूठ तात्यांनी कापावी." बेचाळीस साली तो ब्रह्मदेशात होता. तिथून माघार घेतलेली माणसं महिनोनमहिने रानातून चालत परत येत होती. तो आला नाही. एक सरकारी कागद आला, त्यात बेपत्ता असं होतं.

त्यानंतरच्या माघात मी सांगलीहून निघाले. गाडीत जिथं तिथं शिपाई. कोरेगावला उतरले तर स्टेशनवर मला न्यायला आलेल्या गाडीवानानं सर्जाची चौकशीसुद्धा केली नाही, तेव्हाच मला कळलं की गावानं मनात काय धरलं आहे. पंचमीला डोंगरावर नऊ घरांतून जेमतेम सहा-सात पुरुष होते. तेही म्हातारे नाहीतर मिसरूड न फुटलेले. आठ वाटे कसेबसे निघाले. मग तात्या आमच्या वाट्याशी येऊन उभे राहिले. आई पदर सावरून बाजूला उभी होती.

"वैनी, सर्जाचं पत्र हाय का काय?"

"न्हाई."

"सरकारी कागदात काय लिवलंय?"

"घावत न्हाई म्हनून लिवलंय. मेला म्हनून न्हाई लिवलं."

तात्यांनी मान हलवली आणि आपल्या मुलाला खूण केली. तो विळा घेऊन वाकला. तशी आई पुढं झाली आणि त्या गुडघाभर गवतात सरळ मांडी घालून बसली.

"माझ्या ल्येकाच्या वाट्यात इळा घालायचा न्हाई. त्यो येईल नि काढील."

"आवं वैनी, वनवा काय त्याची वाट बघत बसनार हाय व्हय?"

"मी बसली हाय न्हवं," आई म्हणाली.

आमटी निवून गेली. आठ वाटे स्वच्छ आणि मधे दोनशे पावलं उभं, पिवळं, वाऱ्यानं सळसळणारं गवत ठेवून सगळे खाली उतरले. मी आईला एका शब्दानंही समजावलं नाही. मला वाटलं, तिचं बरोबर आहे. आजही तिचं चूक होतं असं माझ्या तोंडून निघत नाही, आणि बरोबर होतं असंही म्हणवत नाही.

पाडव्यापर्यंत मी माहेरीच राहिले. शिमगा सुखरूप गेला. त्यानंतर चारच दिवसांनी ऐन दुपारी माळापलीकडून धूर दिसला. गावातली असतील नसतील ती माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन डोंगर चढली. आम्ही वर पोचलो तेव्हा आग पट्ट्याला भिडली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती आठ वाट्यांवर मेली. आणि सर्जाच्या वाट्यातून आत गेली. डहाळ्यांनी झोडपून झोडपून आम्ही ती अर्ध्या रानात थांबवली. वरच्या अंगाची आबांच्या हातची जांभळं उभीच्या उभी काळी पडली. ससे माणसांच्या पायांतून पळत होते. तात्यांच्या भुवया जळाल्या होत्या. त्यांनी आईकडं बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आमची भावकी चांगली माणसं. त्या उन्हाळ्यात झऱ्याची धार बोटाएवढी झाली. आई पाण्याला गेली की बायका मुकाट्यानं बाजूला सरकून तिला आधी भरू द्यायच्या आणि ती निघाली की मग बोलायला लागायच्या. घरी येऊन ती हंडा उतरवायची आणि मला म्हणायची, "जळालेलं झाड फुटतंया, इंदे. कापल्याला वाटा फुटत न्हाई." एवढं बोलून चुलीकडं जायची. मी सांगलीला परत आले, आणि आई त्या घरात एकटी राहिली. त्या वर्षभरात मला कुठंही बसले असले तरी आपण चुकीच्या जागी बसलो आहोत असं वाटायचं. सासरी माणसं चांगली होती, पण सर्जाचं नाव काढलं की बिचारी उठून मला चहा करून द्यायची.

पुढच्या पौषात तात्यांचं पत्र आलं. चार ओळी. शेवटची ओळ होती, "पंचमीस येणे. विळा आणणे." विळा? सांगलीत मी भाजीसुद्धा विळीवर चिरत होते. तरी एक विकत घेतला, लुगड्यात गुंडाळला आणि गाडीत बसले.

डोंगरावर तात्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "इंदे, तू कोन गं?"

"मी... इंदू."

"आगं, तशी न्हवं. तू या घरची न्हाईस. दिल्याली लेक तू, पावनी. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"पावनीनं माळावर चार पेंढ्या गवत कापलं, तर ते गुरासाठी कापलं. त्याला पट्टा काढला असं कोन म्हनंल?" तात्यांनी सगळ्यांकडं एकवार पाहिलं. मग ते आईकडं वळले. "वैनी, पावनीला गवत कापाय तुमची काय हरकत?"

आईनं माझ्या विळ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "कापंना. पर कुनी तिला हात लावू लागायचा न्हाई. भावकीचा इळा त्यात याचा न्हाई."

म्हणून दोनशे पावलं मी एकटीनं कापली. भावकीनं मदत करायची नव्हती, इतकंच काय, मी करते ते काम त्यांना दिसायचंही नव्हतं, कारण दिसलं तर तो पट्टा झाला असता. त्यांचे वाटे पहिल्या दिवशी दुपारीच निघाले. ते जेवले, उठले, तात्यांची पोरं माझ्या शेजारून गेली ती दुसरीकडं तोंड करून. चळवळीच्या त्या वर्षांत डोंगरात चार माणसं एकत्र दिसली की पोलीस पाटील विचारायला यायचा, त्यामुळं कुणी रेंगाळतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आणि आई दोघीच वर. तिसऱ्या दिवशीही. आई अंजनीखाली बसून राहायची. तिची सगळी हयात गवत कापण्यात गेलेली. पण तिला विळ्याला हात लावायचा नव्हता. मी मूठ धरायची, कापायची, टाकायची. नंतर फावड्यानं ठोंब खरवडायचे. अवतीभवती एवढा मोठा माळ, त्यावर वारा आणि एक टिटवी, बाकी कुणी नाही. हातांना फोड आले तेव्हा सर्जा आठवला आणि मी मोठ्यानं रडले. रडायला तिथं कसलीच अडचण नव्हती.

लहानपणापासून मला त्या पट्ट्यात विळा चालवायचा होता. तो मिळाला, आणि तो मिळाला याचं कारण माझ्या हाताला काही किंमत नव्हती. घरच्या मुलानं कापलं तर घर जगतं, भावकीनं कापलं तर मरतं, आणि मी कापलं तर काहीच होत नाही. नुसतं गवत कमी होतं. हे मला तेव्हा जिव्हारी लागलं होतं. पण त्या काहीच न होण्यावर माझ्या आईचा संसार तरून होता, म्हणून मी कापत राहिले. त्या वर्षी वणवा आला तो माझ्या मातीवर येऊन विझला. तात्यांनी सांगलीला पत्र टाकलं, "गुरांना गवत पुरले."

त्याच्या पुढल्या वर्षीही मी गेले. जळालेल्या जांभळांना बुंध्याशी तांबूस फुटवे आले होते. आईनं ते मला हात धरून दाखवले. सर्जा जिवंत आहे असं मला वाटत होतं का? खरं सांगते, नव्हतं. पण मी कापत होते तोवर तो मेलाही नव्हता. आम्ही मायलेकी तीन दिवस त्या माळावर काढायचो आणि त्याच्याबद्दल असं बोलायचो की जणू तो कोरेगावला बाजाराला गेला आहे. "त्याला लगीन कर म्हनावं आता," आई म्हणायची. मी म्हणायची, "मुलगी बघून ठेव, आई." एवढी माणसं असलेल्या भावकीत आम्हाला असं बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

मग लढाई संपली. पलटणी परतायला लागल्या. लोणंदच्या, कोरेगावच्या स्टेशनवर रोज कुणाची ना कुणाची आई उभी असायची. दिवाळीपर्यंत कैदेतलीसुद्धा माणसं सुटून आली. आईचं पत्र आलं नाही, तर मी समजले की अजून वाट बघते आहे.

त्या माघात डोंगरावर पुन्हा गर्दी झाली. नऊ घरांपैकी आठ घरांचे धनी हजर. कुणी हात गमावून आला होता, पण आला होता. खाकी सदरे, हसणंखिदळणं, तात्यांच्या पावलांवरून पुन्हा जुनी भांडणं. आमटीला उकळी आली होती. मी आपली एका कडेनं कासोटा घालून, विळा घेऊन आमच्या वाट्याकडं निघाले. मागून आईचा आवाज आला.

"भावजी, यंदा आमच्या वाट्याचं भावकीनं काढा."

तात्या पुढं आले. "वैनी, सांगावा आला का?"

"सांगावा न्हाई. मानूस आला व्हता. दिवाळी झाल्यावर. लोनंदचा पोरगा, सर्जाच्या पलटनीतला. आपल्या हातानं मूठमाती दिली म्हनला, नदीच्या काठाला." आई एकेक शब्द नीट लावून बोलत होती. "पैल्याच पावसाळ्यात. चार वर्सं व्हतील आता."

तीन महिने तिनं ते एकटीनं पोटात ठेवलं होतं. मला कळवलं नाही, शेजारणीला सांगितलं नाही, वाटेवरच्या पाहुण्यासारखं त्या पोराला चहा-पाणी करून वाटेला लावलं आणि पंचमीची वाट पाहिली. ते जिथं सांगायचं असतं तिथंच तिला सांगायचं होतं.

तात्या आमच्या वाट्याशी जाऊन उभे राहिले. वाकायला लागले आणि थांबले. तीन वर्षांपूर्वी ह्याच गवतासाठी तिच्याशी भांडलेला माणूस, पण त्यांचा हात उचलेना.

"कापा भावजी," आई म्हणाली. "ऊन चढाय लागलं."

तात्यांनी पहिली मूठ कापली. मग एकेक करून सगळे आले. नुसता तो विळ्यांचा आवाज. मीही वाकले होते. तेवढ्यात आई माझ्याजवळ आली. तिनं माझ्या हातातला विळा काढून घेतला, माझी मूठ उलगडली, हातातलं गवत खाली टाकलं आणि मला हाताला धरून चुलीपाशी नेलं. तिथं इतर घरांच्या माहेरवाशिणी ताटं मांडून बसल्या होत्या. त्यांनी मला सरकून जागा दिली.

"बस," आई म्हणाली. "पावनी हाईस तू. जेव."

तिनं भाकरी कुस्करून दिली, वर आमटी ओतली, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. मला त्या वाट्याला तीन दिवस लागायचे. माझं जेवण व्हायच्या आत त्यांनी तो निम्मा संपवला होता.